वळणात मोटारसायकलची उंची राखणारे सस्पेन्शन: काय बदलावे आणि कोणत्या क्रमाने

वळणात झुकलेल्या मोटारसायकलचा फूटपेग, सायलेन्सर किंवा मुख्य स्टँड रस्त्याला घासू लागला की बहुतेक चालक गाडीच्या रचनेला दोष देतात आणि लगेच लांब शॉक (मागच्या चाकाचे धक्के सोसणारा स्प्रिंग आणि तेलाचा दांडा) किंवा कडक स्प्रिंग शोधू लागतात. रचनेचा वाटा असतोच. परंतु वळणात गाडी किती झुकू शकेल हे माहितीपत्रकात छापलेल्या एका कोनाने ठरत नाही. त्या क्षणी गाडी आपल्या चाकांवर प्रत्यक्षात किती उंच उभी आहे, यावर ते ठरते आणि ही उंची चालकाच्या वजनाने, सामानाने, ब्रेकने, रस्त्यातल्या खळग्याने आणि खुद्द वळण घेण्याच्या क्रियेनेही सतत बदलत असते. ती राखणे हे सस्पेन्शनचे काम आहे. म्हणून काय विकत घ्यावे हे ठरवण्याआधी आपली गाडी कोठे आणि का खाली बसते, हे शोधून काढले पाहिजे.

गाडीला किती झुकावे लागेल, हे तिच्या वजनावर अवलंबून नसते. ते वेग आणि वळणाची त्रिज्या या दोहोंवरून ठरते. तीस मीटर त्रिज्येच्या वळणात ताशी ५० किलोमीटर वेगाला सुमारे ३३ अंश झुकावे लागते, तर ताशी ६० किलोमीटरला हाच कोन ४३ अंशांवर जातो. वेगातली ही वाढ लहान दिसते, पण झुकाव वेगाच्या वर्गाशी बांधलेला असल्यामुळे तो झपाट्याने वाढतो. टायरला रुंदी असल्याने प्रत्यक्षातला कोन याहून थोडा अधिकच भरतो. स्पोर्ट प्रकारच्या गाड्या ५० अंशांच्या आसपास झुकू शकतात. बुटक्या क्रूझर गाड्यांचा भाग तिशीच्या आसपासच टेकतो. हार्ले-डेव्हिडसन आपल्या गाड्यांच्या तपशिलात डाव्या आणि उजव्या बाजूचा झुकाव वेगवेगळा देते, कारण सायलेन्सर आणि साइड स्टँड यांसारख्या भागांमुळे दोन्ही बाजू क्वचितच सारख्या असतात.

आता एका भागाचे गणित पाहू. समजा, फूटपेगचे टोक गाडीच्या मध्यरेषेपासून ३५० मिलिमीटर बाहेर आणि जमिनीपासून २५० मिलिमीटर उंच आहे. टायरची रुंदी बाजूला ठेवली तर हे टोक सुमारे साडेपस्तीस अंशांना रस्त्याला लागेल. गाडी त्या जागी ३० मिलिमीटर खाली बसलेली असेल तर तेच टोक ३२ अंशांना लागेल. २० मिलिमीटर वर उचलली असेल तर साडेसदतीस अंशांपर्यंत मोकळीक मिळेल. ढोबळमानाने दर दहा मिलिमीटरमागे एक अंशाच्या आसपास फरक पडतो, असे म्हणता येईल. वरच्याच तीस मीटरच्या वळणात ३२ अंश आणि साडेपस्तीस अंश यांतला फरक ताशी तीन किलोमीटरांचा आहे. आकडा लहान वाटतो, परंतु वळण अपेक्षेपेक्षा आवळत गेले किंवा मध्येच अडथळा आला, तर चालकाच्या हाती जी राखीव जागा उरते ती एवढीच असते. माझ्या मते सस्पेन्शनवर खर्च करण्याचे खरे कारण अधिक वेग हे नसून ही राखीव जागा हे आहे.

गाडी वळणात खाली का बसते, याचे पहिले कारण झुकावातच आहे. सरळ उभ्या गाडीच्या सस्पेन्शनवर फक्त वजनाचा भार असतो. झुकलेल्या गाडीवर वजनासोबत वळणाचा बाहेर ओढणारा परिणामही येतो आणि या दोहोंची बेरीज गाडीच्या उभ्या रेषेत, म्हणजे नेमकी सस्पेन्शनच्या दिशेने पडते. तीस अंशांना हा भार १५ टक्क्यांनी वाढतो, चाळीस अंशांना ३० टक्क्यांनी आणि पंचेचाळीस अंशांना ४१ टक्क्यांनी. म्हणजे मोकळीक सर्वांत जास्त हवी असते तेव्हाच स्प्रिंग सर्वांत जास्त दबलेली असते. त्यात वळणाच्या मधोमध एखादा उंचवटा किंवा खळगा आला की दबलेले सस्पेन्शन आणखी दबते; पेग बऱ्याचदा याच क्षणी घासतो.

येथे स्प्रिंगचा कडकपणा आणि प्रीलोड या दोन गोष्टी वेगळ्या समजून घेणे आवश्यक आहे, कारण त्यांची गल्लत सर्वत्र होते. प्रीलोड म्हणजे गाडीचा भार येण्याआधीच स्प्रिंगला दिलेला दाब. तो वाढवल्याने स्प्रिंग कडक होत नाही. एक मिलिमीटर दबण्यासाठी स्प्रिंगला जितका भार लागत होता तितकाच नंतरही लागतो. फक्त गाडी सस्पेन्शनच्या हालचालीत अधिक उंचीवर बसते. कडकपणा बदलायचा असेल तर स्प्रिंगच बदलावी लागते. मागच्या चाकाला जाणवणारा कडकपणा हा शॉकवरच्या स्प्रिंगच्या कडकपणापेक्षा बराच कमी असतो, कारण मागचे चाक धरणारा दांडा, म्हणजे स्विंगआर्म, हा तरफेसारखा काम करतो. शॉक एक मिलिमीटर दबताना चाक दोन मिलिमीटर हलत असेल, तर चाकापाशी कडकपणा निम्मा नव्हे, चौथा हिस्सा होतो. शॉकवर प्रति मिलिमीटर ९.२ किलोची स्प्रिंग असेल तर चाकाला ती २.३ किलोची वाटते.

हेच आकडे पुढे नेऊ. मागच्या सस्पेन्शनवर चालकासह १३० किलोचा भार आहे असे धरले, तर चाळीस अंशांच्या झुकावाला त्यावर सुमारे ४० किलो अधिक येतात आणि मागची बाजू जवळपास १७ मिलिमीटर खाली जाते. स्प्रिंग २० टक्क्यांनी कडक केली तर ती १४ मिलिमीटर जाईल. म्हणजे कडक स्प्रिंगने या एका बाबीत वाचवले ते जेमतेम तीन मिलिमीटर. याउलट, प्रीलोड कमी ठेवल्यामुळे गाडी मुळातच दहा मिलिमीटर खाली बसत असेल, तर एका स्पॅनरने आणि काहीही खर्च न करता ते दहा मिलिमीटर परत मिळतात. यावरून स्प्रिंग निरुपयोगी ठरते असे नाही. मागे ६५ किलोचा माणूस बसला आणि त्याचा बहुतेक भार मागच्या चाकावर आला, तर २.३ किलोच्या स्प्रिंगवर मागची बाजू पंचवीस मिलिमीटरांहून अधिक दबते; तेथे योग्य कडकपणाची स्प्रिंग आणि दोघांसाठी वाढवलेला प्रीलोड या दोन्हींची गरज पडते. सांगायचे आहे ते इतकेच की आधी उंची, मग स्प्रिंग, आणि मिळालेली उंची खळग्यांवर टिकवण्यासाठी डॅम्पिंग (स्प्रिंगच्या हालचालीला तेलाने घातलेला आवर), हा क्रम पाळला तर पैसे वाया जात नाहीत.

उंची बरोबर आहे की नाही हे सॅग, म्हणजे भाराखाली सस्पेन्शन किती दबते ते, मोजून कळते. चाक हवेत लोंबकळत असताना एकदा, गाडी फक्त स्वतःच्या वजनावर उभी असताना एकदा आणि चालक पूर्ण पोशाखासह आपल्या नेहमीच्या बैठकीत बसलेला असताना एकदा, अशी तीन मापे घ्यावीत. मागे चाकाच्या अक्षापासून सरळ वर सीटखालच्या ठरावीक खुणेपर्यंत मोजावे; पुढे फोर्कच्या (पुढचे चाक धरणाऱ्या दुहेरी नळ्यांच्या) दिसणाऱ्या सरकत्या नळीची लांबी मोजावी. पहिल्या आणि तिसऱ्या मापातला फरक म्हणजे चालकासह सॅग. रस्त्यावरच्या गाडीसाठी तो सस्पेन्शनच्या एकूण हालचालीच्या पाव ते एक तृतीयांश असावा. १२० मिलिमीटर हालचालीच्या फोर्कला म्हणून ३० ते ४० मिलिमीटर योग्य ठरतात. मोजताना घर्षण फसवते. त्यासाठी गाडी हलकेच दाबून सावकाश वर येऊ द्यावी आणि माप घ्यावे, मग हलकेच उचलून सावकाश खाली बसू द्यावी आणि पुन्हा माप घ्यावे. दोहोंची सरासरी खरी मानावी. या दोन मापांत मोठे अंतर दिसले, तर फोर्क किंवा लिंकेज (मागच्या शॉकला स्विंगआर्मशी जोडणाऱ्या पट्ट्या, म्हणजे लिंक) कोठेतरी अडकत आहे आणि कोणताही नवा भाग घेण्याआधी ते दुरुस्त केले पाहिजे.

पहिल्या आणि दुसऱ्या मापातला फरक, म्हणजे चालकाविना सॅग, हा स्प्रिंगची परीक्षा घेतो. चालकासह सॅग बरोबर आणला, पण चालक उतरल्यावर गाडी मागच्या बाजूला जराही दबत नसेल, तर स्प्रिंग या चालकासाठी मऊ आहे आणि ती कमतरता प्रीलोडने झाकली गेली आहे. अशी गाडी खळग्यावर चाक खाली सोडू शकत नाही. शॉक आपल्या टोकाला येऊन आपटतो आणि वळणात टायरची पकड सुटते. चालकाविना सॅग फार मोठा राहत असेल, तर स्प्रिंग गरजेपेक्षा कडक आहे. मागच्या बाजूला साधारण ५ ते १५ मिलिमीटर चालकाविना सॅग राहिला, तर स्प्रिंग बरोबर निवडली गेली असे समजायला हरकत नाही. कारखान्यातून येणारी स्प्रिंग एका सरासरी वजनाच्या चालकासाठी असते. त्या वजनापासून जो जितका दूर, त्याला स्प्रिंग बदलल्याचा तितका अधिक फायदा होतो. बारीक अंगाच्या चालकाला कधी कधी मऊ स्प्रिंगच लावावी लागते, हे सांगितले तर पुष्कळांना पटत नाही. पण माप तेच सांगत असेल तर मापावर विश्वास ठेवावा.

स्प्रिंग साठवलेली ऊर्जा परत फेकते, आणि तिला आवर घालणारे काम डॅम्पिंगचे. शॉकमध्ये किंवा फोर्कमध्ये तेल लहान वाटांतून ढकलले जाते आणि त्या अडवणुकीतून ऊर्जा उष्णतेत बदलते. दबताना होणाऱ्या अडवणुकीला कॉम्प्रेशन डॅम्पिंग आणि परत येताना होणाऱ्या अडवणुकीला रिबाउंड डॅम्पिंग म्हणतात. वळणातल्या उंचीवर दोहोंचाही परिणाम होतो. कॉम्प्रेशन फार कमी असेल तर ब्रेक लावताच पुढची बाजू आणि थ्रॉटल उघडताच मागची बाजू झटकन बसते. रिबाउंड फार कमी असेल तर लांब वळणात गाडी होडीसारखी डोलत राहते आणि प्रत्येक खालच्या झोक्यात मोकळीक घटते. रिबाउंड गरजेपेक्षा जास्त असेल तर मात्र एक फसवी अवस्था येते: एका खळग्यावर दबलेले सस्पेन्शन पुन्हा वर येण्याआधीच दुसरा खळगा येतो, मग तिसरा, आणि गाडी पायरीपायरीने खाली उतरत जाते. चालकाला ती मऊ वाटते, तो प्रीलोड वाढवतो, आणि खरा दोष तसाच राहतो. ओबडधोबड वळणातच पेग घासत असेल आणि गुळगुळीत वळणात घासत नसेल, तर रिबाउंडचा स्क्रू दोन क्लिक (फिरवताना जाणवणाऱ्या खाचा) सैल करून पाहणे हा पहिला उपाय असावा.

जुन्या आणि साध्या गाड्यांच्या फोर्कमध्ये डॅम्पिंग रॉड नावाची नळी असते आणि तिला ठरावीक आकाराची भोके असतात. अशा भोकातून तेल दुप्पट वेगाने ढकलले तर विरोध जवळपास चौपट होतो. परिणामी ब्रेक लावताना फोर्क सावकाश दबतो तेव्हा विरोध अपुरा पडतो आणि पुढची बाजू डुबकी मारते. उलट, धारदार खड्ड्यावर फोर्क वेगाने दबतो तेव्हा विरोध इतका वाढतो की धक्का थेट हँडलला बसतो. एकाच फोर्कबद्दल तो मऊ आहे आणि कडकही आहे अशी परस्परविरोधी तक्रार ऐकू येते, ती यामुळेच. जाड तेल घातल्याने पहिला दोष कमी होतो आणि दुसरा वाढतो. कार्ट्रिज प्रकारच्या फोर्कमध्ये भोकांवर पोलादाच्या पातळ चकत्यांची थप्पी बसवलेली असते. दाब वाढला की चकत्या वाकतात आणि वाट मोठी होते, त्यामुळे विरोध वेगासोबत बेताने वाढतो. डॅम्पिंग रॉडच्या फोर्कला हाच गुण बऱ्याच अंशी देता येतो. त्यासाठी रॉडच्या डोक्यावर, स्प्रिंगच्या खाली, एम्युलेटर नावाची झडप बसवतात आणि रॉडची जुनी कॉम्प्रेशनची भोके मोठी करतात, म्हणजे नियंत्रण झडपेकडे जाते. रिबाउंड मात्र तेव्हाही मुख्यतः तेलाच्या जाडीवरूनच साधावे लागते. साध्या फोर्कच्या गाडीसाठी योग्य स्प्रिंग आणि एम्युलेटर ही जोडी मला सर्वांत फायद्याची सुधारणा वाटते. तिच्यामुळे वळणात शिरताना ब्रेकखालीही पुढची बाजू आपली उंची बऱ्यापैकी राखते.

फोर्कमधल्या तेलाची पातळीही दुर्लक्षित राहते. तेलावर कोंडलेली हवा ही दुसरी स्प्रिंगच असते आणि ती शेवटच्या टप्प्यात झपाट्याने कडक होते. पातळी थोडी वाढवली की सुरुवातीची हालचाल जवळपास तशीच राहते, परंतु फोर्क तळाला जाण्यास अधिक विरोध करतो. पातळी मोजताना स्प्रिंग काढलेली आणि फोर्क पूर्ण दाबलेला असावा, नळीच्या काठापासून तेलापर्यंतचे अंतर घ्यावे आणि दोन्ही पायांत ते सारखे ठेवावे.

उंची बदलली की गाडीचे वळण्याचे वागणेही बदलते. पुढचा फोर्क उभ्या रेषेपासून जितका तिरका, तो कोन म्हणजे रेक. आणि हँडलचा अक्ष जमिनीला जेथे मिळतो तेथून टायर टेकतो त्या बिंदूपर्यंतचे अंतर म्हणजे ट्रेल. चपळ गाड्यांत रेक साधारण २४ ते २६ अंश आणि ट्रेल शंभर मिलिमीटरच्या आसपास असतो. १४०० मिलिमीटर व्हीलबेसच्या (दोन्ही चाकांच्या अक्षांमधल्या अंतराच्या) गाडीची मागची बाजू २५ मिलिमीटरनी उचलली की रेक जवळपास एक अंशाने कमी होतो, ट्रेल घटतो आणि गाडी हलक्या हाताने वळू लागते. मागची बाजू तितकीच खाली बसली की उलट घडते: हँडल जड होते आणि वळणातून बाहेर पडताना थ्रॉटल उघडताच गाडी बाहेरच्या कडेकडे सरकत जाते. म्हणजे वळणात पेग घासणे आणि गाडी बाहेर जाणे या दोन तक्रारींचे मूळ पुष्कळदा एकच असते, ते म्हणजे दबलेली मागची बाजू. हँडल जड वाटते म्हणून फोर्कच्या नळ्या क्लॅम्पमधून वर सरकवण्याचा उपाय काही जण करतात. त्याने वळणे हलके होते खरे, पण पुढची उंची जाते आणि मोकळीक कमी होते. दोन्ही हव्या असतील तर मागची बाजू उचलणे अधिक योग्य आहे.

त्यासाठी लांब शॉक किंवा लांबी बदलता येणारा शॉक मिळतो. मागचे चाक २० मिलिमीटरनी उचलले म्हणून पेग २० मिलिमीटरनी उचलला जात नाही. पेग गाडीच्या मध्याच्या आसपास असल्याने त्याला साधारण निम्मी उंची मिळते, तर मागे असलेल्या सायलेन्सरला अधिक मिळते. मर्यादाही स्पष्ट आहेत. स्विंगआर्म जास्त उताराचा झाला की चेन त्याच्या वरच्या रबरावर घासू लागते, चेनचा ताण नव्याने लावावा लागतो, साइड स्टँडवर गाडी अधिक कलून उभी राहते, हेडलाइट खाली झुकतो आणि उंच सीटमुळे पाय नीट टेकत नाहीत. रेक फार घटला तर वेगात हँडल थरथरू लागते. म्हणून १० मिलिमीटरच्या टप्प्याने जावे आणि प्रत्येक टप्प्याला ब्रेकचा पाइप पूर्ण लोंबत्या चाकावर ताणला जात नाही ना, हे पाहावे. गाडी बुटकी करण्यासाठी लावलेल्या लिंक आधीपासून असतील, तर लांब शॉक घेण्याऐवजी मूळ लिंक परत लावणे हाच सरळ मार्ग आहे.

चेनऐवजी शाफ्टने, म्हणजे फिरत्या दांड्याने, चालणाऱ्या गाड्यांची एक वेगळी सवय असते. जुन्या रचनेत थ्रॉटल उघडला की मागची बाजू वर उचलली जाते आणि झटक्याने बंद केला की खाली पडते. बीएमडब्ल्यूने १९८७ मध्ये पॅरालिव्हर ही जोडदांड्याची रचना आणून हा परिणाम बराच कमी केला. चेनच्या गाड्यांत तो इतका ठळक नसतो, तरी वळणात घाबरून थ्रॉटल सोडल्यास भार पुढे जातो, फोर्क दबतो आणि मोकळीक नेमकी नको तेव्हा घटते. चांगले डॅम्पिंग ही घसरण हळू करते, पण थांबवत नाही; म्हणून वळणात थ्रॉटल स्थिर, किंचित उघडलेला ठेवण्याची सवय कोणत्याही सुट्या भागाइतकीच मोलाची आहे. शरीराचा वरचा भाग वळणाच्या आतल्या बाजूला नेल्यानेही त्याच वेगाला गाडी एक-दोन अंश कमी झुकवावी लागते.

नवे भाग बसवण्याआधी टायरमधली हवा, टायरची झीज, स्टिअरिंगचे बेअरिंग, स्विंगआर्मचे बुश, फोर्कचे सील आणि तेलाचे वय तपासावे. यांपैकी एकही बिघडलेले असेल तर उत्तम शॉकही गाडी सुधारू शकत नाही. कडकपणाच्या मागे फार धावू नये. झुकलेल्या गाडीवर रस्त्याचा धक्का खालून उभा येतो, पण सस्पेन्शन तिरके असते. त्यामुळे पंचेचाळीस अंशांना त्या धक्क्याचा सुमारे ७० टक्केच भाग त्याच्या दिशेने पडतो आणि उरलेला टायरने व चौकटीने सोसायचा असतो. अति कडक गाडी येथे चाक रस्त्यावर ठेवू शकत नाही. बदल एका वेळी एकच करावा, क्लिक घड्याळाच्या दिशेने पूर्ण बंद करून तेथून मोजावेत, मूळ स्थिती लिहून ठेवावी आणि ओळखीच्या, मोकळ्या रस्त्यावर त्याच वळणांत, नेहमीच्याच वेगाने फरक पाहावा.

शेवटी, काय घासते याचीही नोंद ठेवावी. दुमडणारा फूटपेग घासला तर तो वर वळतो आणि इशारा देतो. त्याच्या टोकाची घासपट्टी याच कामासाठी असते, ती काढून टाकू नये. चौकट, सायलेन्सरचा कंस किंवा मुख्य स्टँड यांसारखा न दुमडणारा भाग आधी टेकत असेल, तर तो तरफेसारखा चाकाला रस्त्यावरून उचलू शकतो आणि तेथे सावरायला वेळ मिळत नाही. सॅग योग्य केल्यावर, स्प्रिंग आणि डॅम्पिंग चालकाच्या वजनाला जुळवल्यावरही असा भाग पेगच्या आधी टेकत असेल, तर तो भाग हलवावा किंवा बदलावा, आणि ते होईपर्यंत त्या गाडीवर झुकावाची मर्यादा कमीच धरावी.